बेचिराग

तलाठ्याच्या दप्तरात एक शब्द असतो, बेचिराग. ज्या गावात दिवा लागत नाही ते गाव बेचिराग. बोलताना लोक त्याचं बेचिराख करतात, म्हणजे जणू जळून राख झालं. पण मूळ शब्द फारसी आणि त्यात आगीचा काही संबंध नाही. चिराग नाही, एवढंच. असं गाव नकाशात असतं, त्याला शिवार असतं, बांध असतात, सारा वसूल होतो, फक्त वस्ती नसते. तीस वर्षांच्या नोकरीत अशी दोन-तीन गावं माझ्या सजात येऊन गेली. पावसाळ्यानंतर पीकपाहणीला गेलं की एखाद्या टेकाडावर खापरं वर आलेली दिसायची, जात्याची अर्धी तळी दिसायची. म्हातारी माणसं त्या टेकाडाला पांढरी म्हणायची. काळी ती पिकाची, पांढरी ती वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भिंती पडून, चुलीची राख मिसळून तिथली माती रंग बदलते. त्याच मातीला माळवदावर टाकायला मोठी मागणी असायची, कारण ती गळत नाही.

एवढी प्रस्तावना अशासाठी की २०२२ च्या उन्हाळ्यात मी इंग्लंडात लेकीकडं तीन महिने राहून आलो, आणि तिथं मी जे पाहिलं ते मला या दोन शब्दांशिवाय सांगता येणार नाही.

लेक लीड्सला असते. हीथ्रोला उतरल्यावर जावयानं गाडीनं नेलं. चार तासांचा रस्ता. मंडळी मागच्या सीटवर झोपून गेली, मी मात्र काचेला नाक लावून शिवार बघत होतो. माणूस कुठंही गेला तरी आधी दुसऱ्याचं पीक बघतो, ही आपली जातच. नॉर्थॅम्प्टनशायर आणि लीस्टरशायर या भागातून जाताना ऊन कललं होतं आणि एका कुरणावर मला वरंबे दिसले. गवताखाली, लांबच लांब, एकाला एक लागून. आपल्या उसाच्या सरीसारखे नाहीत. एकेक वरंबा वीस-पंचवीस फूट रुंद असावा, आणि सरळही नाही, दोन्ही टोकांना किंचित वळलेला. वर मेंढ्या चरत होत्या. मी जावयाला म्हटलं, "हे रान कधीतरी नांगरलेलं आहे. कुरण नाही हे."

तो म्हणाला, "पप्पा, असतील काही पाइपलाइनी."

पाइपलाइनी नव्हत्या. पुढं लेकीनं वाचनालयातून पुस्तकं आणून दिली आणि तिनंच मला ती वाचून समजावली. ते मध्ययुगातले नांगरटीचे वरंबे होते, सहा-सातशे वर्षांचे. त्यांचा नांगर जड, त्याला आठ बैल जुंपायचे. एवढा लांब ताफा बांधाला पोचून वळवायचा तर आधीपासूनच कल द्यावा लागतो, म्हणून तासाला तो बाक आला. आमच्या आजोबांच्या वेळी भीमाकाठच्या काळ्या रानात हरळी काढायला लाकडी नांगराला चार-चार जोड्या लागायच्या, हे मी लहानपणी ऐकलेलं. बाक का आला हे मला कुणी समजावायची गरज नव्हती. आठ बैल वळवायचे म्हणजे काय, हे ज्याच्या घरात बैल होते त्याला कळतं.

आणि मग एकर. एका जोताची दिवसभराची नांगरट म्हणजे एक एकर, ही त्या शब्दाची जुनी मोजणी. फर्लांग म्हणजे तासाची लांबी; एका दमात बैलांनी ओढायचं अंतर, २२० यार्ड. त्याला २२ यार्डांची रुंदी दिली की एकर भरतो, ४,८४० चौरस यार्ड. आपल्याकडं ३३ फुटांची साखळी, ३३ गुणिले ३३ चा गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. हिशेब करून बघा, तो बरोबर तेवढाच भरतो. सगळी हयात मी गुंठे मोजण्यात घालवली आणि ती मोजणी कुठल्या तरी ओल्या इंग्रजी मातीत आठ बैलांच्या पायांनी ठरली होती, हे मला साठी उलटल्यावर कळलं. त्यातही आमचा इंदापूर तालुका म्हणजे मुंबई इलाख्याच्या मोजणीचं मूळ पीठ. आधी प्रिंगलसाहेबानं बसवलेला सारा इतका जड झाला की लोक रानं टाकून गेले. मग १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापुरात नव्यानं मोजणी आणि आकारणी केली आणि तीच पद्धत पुढं सगळ्या इलाख्यात गेली. तलाठ्याच्या परीक्षेत हे नुसतं पाठ केलं होतं. आता त्याचं दुसरं टोक बघत होतो.

वरंबे होते, म्हणजे नांगर होते. नांगर होते, म्हणजे माणसं होती. मग गाव कुठंय?

हाच प्रश्न लीड्सच्या विद्यापीठातल्या मॉरिस बेरेसफर्ड या आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाला पडला होता, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. त्यानं काय केलं, तर पट्टीच्या याद्या काढल्या. १३३४ सालची कराची यादी, १३७७ सालची डोईपट्टी. कुठल्या गावानं किती भरले. मग पुढच्या शतकांतल्या याद्यांशी ताडून पाहिलं. जी नावं पुढं गळाली ती गावं उठली. ही पद्धत वाचून मला हसू आलं. आमच्या कचेरीत यापेक्षा वेगळं काय करतात? माणूस खोटं बोलेल, पण वसुलीची यादी सहसा बोलत नाही. त्यानं १९५४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, इंग्लंडातल्या हरवलेल्या गावांबद्दल. त्याआधी मोठे मोठे विद्वान म्हणत, अशी गावं फारशी नव्हतीच. आज मध्ययुगात उठलेली तीन हजारांच्या आसपास गावं त्यांच्या नोंदीत आहेत. तीन हजार बेचिराग.

त्यातलं सगळ्यात नावाजलेलं गाव यॉर्कशायरातच, लीड्सपासून दीडेक तासावर. व्हॅरम पर्सी. लेकीनं एका रविवारी नेलं.

गाडी वर लावून पाऊण मैल चालत खाली उतरावं लागतं. मंडळींचे गुडघे दुखत होते पण आल्या. त्या वर्षी तिकडं उन्हाळा कडक होता. जुलैत काही ठिकाणी पारा चाळीसच्या वर गेला म्हणून सगळा देश हवालदिल. आम्ही सोलापूरच्या वाऱ्याची माणसं, आम्हाला त्याचं काय. पण त्या उन्हानं एक काम चांगलं केलं होतं. गवत वाळलं होतं आणि जिथं खाली भिंतीचा पाया होता तिथं ते आधी वाळलं होतं. जमिनीत गाडलेली घरं वर पिवळ्या रेघांनी उमटतात, हे तिकडचे संशोधक मुद्दाम विमानातून बघतात. मला विमान लागलं नाही. उतारावरून खाली बघितलं आणि उंचवट्यांच्या रांगा दिसल्या: हे घर, हे परडं, ही मधली वाट, हा परड्याचा बांध. ओळीनं, आखल्यासारखे. माती बघावी म्हणून सशानं उकरलेल्या बिळापाशी वाकलो. पांढरी. अगदी पांढरी. तो सगळा भाग खडूच्या दगडाचा आहे म्हणून, वस्तीमुळं नव्हे, पण माझ्या तोंडातून निघून गेलं, "पांढरी!" लेक म्हणाली, "हो पप्पा, चॉक आहे." मी काही बोललो नाही.

उभं काय आहे, तर चर्च. छप्पर नाही, मनोरा अर्धा कोसळलेला. १९४९ मध्ये तिथं शेवटची प्रार्थना झाली, नंतर कुणीतरी छपराचं शिसं चोरलं, आणि १९५९ मध्ये मनोरा पडला. त्याच्या भिंतीकडं मी बराच वेळ बघत बसलो. भिंतीत कमानी आहेत आणि त्या कमानी दगडांनी बुजवलेल्या आहेत. गाव वाढलं तेव्हा माणसं मावेनात म्हणून बाजूला दालनं काढली, भिंत फोडून कमानी केल्या. गाव ओसरलं तेव्हा दालनं पाडली आणि कमानी पुन्हा चिणल्या. जनगणनेचं पुस्तक उघडून ठेवावं तशी ती भिंत आहे. मंडळींनी एकदा सगळीकडं नजर फिरवली आणि म्हणाल्या, "देऊळ ठेवलंय आन घरं तेवढी नेली." बरोबरच होतं ते. देवाचं दगडाचं, माणसाचं लाकडा-मातीचं.

ही घरं कशी होती यावर तिथल्या लोकांनी फार डोकं लावलं आहे. बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट या दोघांनी १९५० पासून १९९० पर्यंत दर उन्हाळ्यात तिथं उत्खनन केलं. चाळीस वर्षं, एकाच गावात! शेकडो लोक हौसेनं जाऊन राबले. आधी त्यांना वाटलं, ही घरं इतकी कच्ची की दर पिढीला पडत आणि नव्यानं बांधावी लागत. पुढं स्टुअर्ट रॅथमेल या संशोधकानं दाखवलं की तसं नाही. घराचा भार भिंतीवर नव्हताच. वाकड्या जाड लाकडांच्या जोड्या उभ्या करून, त्यांची टोकं वर एकमेकांत अडकवून त्यावर छप्पर. भिंत म्हणजे नुसता आडोसा, पडली की पुन्हा घालायची. घर उभं लाकडावर.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. कारण हे आमचं माळवद होतं. सागाचे खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या, वर माती. भिंती पांढरीच्या, दोन हात जाड, पण भार सगळा खांबांवर. म्हणूनच तर आमच्या वडलांना घर काढून नेता आलं.

आमचं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. मी तेव्हा नववीत होतो. नदीकाठचं गाव, गावाचं नाव इथं सांगत नाही, कारण त्याच नावाचं नवं गाव वर माळावर आहे आणि तिथली माणसं म्हणतील, अहो आम्ही तर आहोत की. पाणी येणार हे चार-पाच वर्षं सगळे ऐकत होते आणि कुणी मनावर घेत नव्हतं. वडील मात्र वेळेवर उठले. त्यांनी माळवदावरची माती खाली लोटली, कड्या काढल्या, तुळया उतरवल्या, खांब उपसले आणि बैलगाडीनं माळावर नेले. सात खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला दाराची चौकट. पाच फुटी उंचीची, वर गणेशपट्टी, खाली झिजून खड्डा पडलेला उंबरा. आईनं उंबऱ्याची पूजा केली आणि मग ती गाडीत चढली. भिंती तशाच उभ्या राहिल्या, बिनडोक्याच्या. पुढच्या वर्षी त्या पाण्यात विरघळल्या. माळावरचं घर त्याच लाकडांवर उभं राहिलं. मोबदल्याचे पैसे हप्त्या-हप्त्यानं आले, त्यासाठी वडलांनी कचेरीच्या पायऱ्या किती झिजवल्या त्याचा हिशेब नाही. मी पुढं तलाठी झालो त्याला तेही एक कारण. पण तो विषय वेगळा.

व्हॅरम पर्सी पाण्यानं गेलं नाही, मेंढरांनी नेलं. तिकडं बरेच लोक सांगतात की १३४८-४९ च्या काळ्या मरीनं गाव संपलं. मरीनं माणसं मेली हे खरं, पण गाव त्यानंतरही दीडशे वर्षं नांदलं. लोकरीला भाव आला, मजुरी महाग झाली, आणि मालकाच्या ध्यानात आलं की कुळं ठेवण्यापेक्षा मेंढ्या ठेवणं परवडतं. नांगराला आठ बैल आणि दोन माणसं लागतात. पाचशे मेंढरांना एक धनगर आणि एक कुत्रं पुरतं. १५०० च्या आसपास शेवटची चार कुटुंबं उठवली. १५१७ मध्ये सरकारनं चौकशी नेमली, कुणी कुणाला उठवलं याची. तेव्हा चार नांगर बंद झाले अशी नोंद झाली. नोंद झाली, बस. गाव काही पुन्हा बसलं नाही. चौकशी आयोगाचं असंच असतं. टॉमस मूर या त्यांच्या विद्वानानं १५१६ सालीच लिहून ठेवलं होतं की इंग्लंडातली मेंढरं आता माणसं खायला लागली आहेत.

आमच्याकडं मेंढरू आणि शेतकरी यांचं वैर नाही. सुगी झाली की धनगर वाड्यासह येतो, रानात मेंढ्या बसवतो, खत पडतं, आपण त्याला धान्य देतो. एकाच जनावरानं एका मुलखात रान पिकवावं आणि दुसऱ्या मुलखात गाव उठवावं, यात जनावराचा दोष नाही. रान कुणाच्या नावावर होतं, ते बघा. तिथं सातबारा मालकाचा होता, आणि कुळाला कुळकायदा नव्हता.

चर्चच्या आवारातून जवळजवळ सातशे माणसांचे सांगाडे काढून तपासले गेले. हाडांवरून काय काय कळतं! बायका लेकरांना दीड-दोन वर्षांपर्यंत पाजत होत्या, हेही हाडातून कळलं. मंडळींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मंग? त्यात काय शोधायचं?" पण एक गोष्ट त्यांनाही चमत्कारिक वाटली. गावात एका खड्ड्यात १३७ हाडं सापडली, दहा-एक माणसांची, त्यावर सुरीचे वार आणि जाळल्याच्या खुणा. २०१७ मध्ये संशोधकांनी अंदाज बांधला की मेलेला माणूस उठून परत येऊ नये म्हणून हे केलं असावं. आमच्याकडं बाळंतपणात गेलेल्या बाईच्या मागं मोहरी-राळे टाकत, वेचत बसावी आणि घरापर्यंत पोचू नये म्हणून. जिवंत माणसाला गावाबाहेर काढणारे पुढं येणार होते. हे बिचारे मेलेल्यांना भीत होते.

तिकडं जुन्या वास्तूंचा जिव्हाळा मोठा, हे मान्य करावंच लागेल. १९४७ च्या कायद्यापासून जुनी घरं यादीत घालायची पद्धत आहे. यादीत गेलेल्या घराची खिडकी बदलायची तरी परवानगी काढावी लागते. जावयाचा एक सहकारी अशा घरात राहतो, तो त्या यादीला रोज शिव्या घालतो आणि घर विकायला मात्र तयार नाही. ओस पडलेली चर्चं सांभाळणारी एक संस्था १९५७ पासून आहे, तिच्या नावाचा अर्थच मुळी 'निराधार चर्चांचे सोबती' असा. मला ते नाव फार आवडलं. निराधार योजनेचे अर्ज मी इतके भरलेत, पण देवळाला निराधार म्हणायचं कधी सुचलं नव्हतं. डॉर्सेटमधल्या टाइनहॅमला आम्ही गेलो नाही, फार लांब पडलं. युद्धात, १९४३ च्या डिसेंबरात, रणगाड्यांच्या सरावासाठी ते गाव रिकामं करून घेतलं. सव्वादोनशे माणसं. त्यांनी जाताना चर्चच्या दारावर चिठ्ठी लावली की आम्ही परत येणार आहोत, घरं नीट वापरा. युद्ध संपलं, गाव परत मिळालं नाही, लष्कराकडंच राहिलं. आता सुट्टीच्या दिवशी लोक बघायला जातात.

मला खरं बघायचं होतं ते पाण्यातलं गाव. लेकीनं आधीच शोधून ठेवलं होतं. डर्बीशायरात लेडीबोअर नावाचं धरण आहे, शेफिल्डच्या जवळ. शेफिल्ड, डर्बी, नॉटिंगहॅम, लीस्टर या शहरांना त्या खोऱ्यातलं पाणी जातं. १९३५ ला काम सुरू झालं, १९४५ मध्ये राजानं येऊन उद्घाटन केलं, आणि खोऱ्यातली डरवेंट आणि ॲशॉप्टन ही दोन गावं खाली गेली. त्या सालच्या उन्हाळ्यानं पाणी इतकं उतरलं होतं की डरवेंटचे पाये उघडे पडले होते. पेपरात फोटो येत होते.

सप्टेंबरात गेलो. धरणाच्या कडेला गाड्यांची रांग. चिखल तडकलेला, मोठमोठ्या भेगा, आणि त्यात दगडांचे ढीग, एक-दोन ठिकाणी भिंतीच्या रेघा. माणसं मुलाबाळांसकट फिरत होती, कुत्री हिंडत होती. मी उभा राहिलो. हा वास मला माहीत होता. मे महिन्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ वर येतं, तेव्हा तिथंही असाच वास असतो, शेवाळ वाळल्याचा. तिथंही अशीच गर्दी, सेल्फी, भेळेची गाडी. फरक एवढाच की तिथल्या गर्दीत दोन-चार म्हातारी अशी असतात जी देवळाकडं बघत नाहीत. ती पायाखाली बघत चालतात, पावलं मोजत.

डरवेंटच्या लोकांनी एक काम केलं, जे आमच्याकडं झालं नाही. कबरीतली माणसं उकरून काढली आणि खाली बॅमफर्डला नेऊन पुन्हा पुरली. चर्चची घंटा डर्बीजवळच्या चॅडेस्डनच्या चर्चला दिली. चर्चचा मनोरा तेवढा आठवण म्हणून ठेवला होता, पाण्यातून वर यायचा. पण लोक पोहत त्याच्यापर्यंत जायला लागले, म्हणून १९४७ च्या डिसेंबरात सुरुंग लावून तोही उडवला. आणि एक जुना दगडी पूल होता, लादलेली तट्टं जाण्यापुरता अरुंद. त्याचे दगड नंबर घालून सोडवले, बाजूला ठेवले, आणि १९५९ मध्ये वरच्या अंगाला त्याच नदीवर पुन्हा जोडला. स्लिपरी स्टोन्स नावाच्या जागी. तिथंवर चालत जायला वेळ लागतो. जावई म्हणाला, पुढच्या वेळी जाऊ. मी म्हटलं, पुढची वेळ कुणी बघितली, चल. मंडळींना लेकीबरोबर गाडीपाशी ठेवून आम्ही दोघं गेलो. पूल छोटा आहे, दोन कमानींचा. मी दगडांवर नंबर शोधत होतो. दिसले नाहीत.

परत येताना फोनला रेंज आली आणि भावाचे चार मिसकॉल दिसले. मधला भाऊ माळावरच्या घरात राहतो. घर पाडून स्लॅबचं बांधायचं हे आमचं ठरलेलंच होतं, दोन्ही पोरांची लग्नं व्हायचीत. फोन लावला.

"दादा, पुण्याकडचा एकजण आलाय. जुनं लाकूड घेतो. हाटेलांना लागतं म्हणं. समदं मिळून दीड लाख म्हणतोय, नुसत्या चौकटीचं चाळीस. काय करू? उद्या टेम्पो आणतो म्हणतोय."

दीड लाख म्हणजे त्याच्या स्लॅबचं स्टील निघत होतं. हे त्यालाही माहीत, मलाही. त्या घरात राहिला तो, आई सांभाळली त्यानं, गळणारं माळवद दर पावसाळ्यात बुजवलं त्यानं. मी नोकरीच्या गावी भाड्याच्या फ्लॅटात राहून, सुट्टीला येऊन त्या खांबांना टेकून बसणारा. मी त्याला नको म्हणायचं कुठल्या तोंडानं?

"आई काय म्हणते?" मी विचारलं.

"आई कायच म्हणत न्हाई. म्हनून तर तुला फोन केला."

जावई बाजूला उभा होता. त्याला मराठी सगळं कळतं, तो दुसरीकडं बघत राहिला. मी म्हटलं, "खांब-तुळया दे. चौकट देऊ नको. तिचे चाळीस मी पाठवतो. सोडवताना प्रत्येक भागावर ऑइलपेंटानं नंबर टाक. डावा बाजू एक, उजवा दोन, गणेशपट्टी तीन, उंबरा चार."

तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "चारच तर भाग हायेत दादा. नंबर कशाला? मी काय इसरनार हाय व्हय?"

"तू नाही विसरणार," मी म्हटलं. "तरी टाक."

खांब गेले. पुण्याजवळच्या कुठल्याशा हॉटेलात उभे असतील, खाली टेबलं मांडून. चाळीस हजार मी पाठवले ते भावानं आधी घेतले नाहीत, मग घेतले. नवं घर झालं. त्याला सात फुटी दार आहे, वर सनमायका. पाच फुटी चौकट कुठंच बसेना. गवंडी म्हणाला देवघराला लावू, तर देवघर चौकटीपेक्षा अरुंद निघालं. सध्या ती मोटारीच्या खोलीत भिंतीला टेकून उभी आहे, पोत्यात गुंडाळून. भावानं नंबर टाकलेत, लाल रंगात, चांगले वीतभर मोठे.

परत आल्यावर एकदा दुपारी मी आईला मोबाइलवर ते डरवेंटचे फोटो दाखवले. आता तिला कमी दिसतं, पण मोबाइल डोळ्यांजवळ धरून ती एकेक फोटो बघते. तडकलेला चिखल तिनं लगेच ओळखला.

"आपल्या हितला हाय का?"

"नाही, तिकडचा. साहेबांच्या मुलखातला."

"त्येंचंबी बुडालं?"

"बुडालं. आपल्या आधी."

तिनं विचारलं, जमिनीला जमीन दिली का? मी सांगितलं की बहुतेक जण कुळं होती, जमीन त्यांची नव्हतीच. पाणीपुरवठ्याच्या मंडळानं खाली यॉर्कशायर ब्रिज नावाच्या जागी दगडी घरं बांधून भाड्यानं दिली. तिला ते पटलं की नाही कळलं नाही. तिनं बोटानं फोटो मोठा करायला नातवाकडून शिकून घेतलंय. एका भिंतीच्या रेघेवर तिनं बोट ठेवलं, रेघ जिथं तुटली होती तिथं.

"हे दार हुतं."

"असेल."

"चौकट दिसंना."

मी म्हटलं, नाहीच तिथं, नुसते दगड राहिलेत.

"मंग नेली असंल काढून," ती म्हणाली, आणि मोबाइल माझ्या हातात दिला.